बसून असलेली बॅटरी

मोकळ्या रस्त्यावर गाडी सुसाट जायची. वळण आलं, आजूबाजूला आणखी दहा गाड्या आल्या, की पडद्यावरचं चित्र अडखळायचं आणि नातीची गाडी थेट कठड्यावर जाऊन आदळायची.

"परत आपटली," नात म्हणाली. "चार वाजता निवड आहे, आजी. गेमच्या संघात एकच जागा उरलीय. हा लॅपटॉप असाच चालला तर पहिल्याच शर्यतीत मला घरी पाठवतील."

"घरीच तर आहेस," आजी म्हणाली.

नात हसली नाही. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. दुरुस्तीवाला जमिनीवर मांडी घालून बसला होता. चष्मा कपाळावर आणि तोंडात दोन स्क्रू. त्यानं लॅपटॉप पालथा घातला आणि खालचं झाकण काढलं.

नातीनं वाकून बघितलं. आत वीतभर जागा रिकामी होती, दात काढल्यासारखी.

"बॅटरी कुठाय?"

दुरुस्तीवाल्यानं तोंडातले स्क्रू काढून हातावर घेतले आणि आजीकडे बघितलं. आजीनं खिडकीकडे बघितलं. खिडकीशी आजोबा पेपर वाचत होते. ते त्यांचं रोजचंच. सकाळी उघडलेला पेपर दुपारपर्यंत पुरवायचे.

"मी काढायला लावली," आजी म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी हा धूळ काढायला आला होता, तेव्हा. तू कॉलेजात होतीस. आता काय फासावर चढवणार आहेस मला?"

"अगं, पण का?"

"का म्हणजे? सदानकदा वायर लावूनच चालवतेस ना? मग ती एवढी जाडी आत बसून काय करते? रिकामं बसलेलं फुगतं नाहीतर गळतं. टॉर्चचं काय झालं होतं?"

टॉर्चमध्ये एकदा सेल गळले होते. तेव्हापासून त्या घरात पडून असलेल्या कुठल्याही वस्तूत सेल राहत नसे. टॉर्च, गजराचं घड्याळ, आजोबांचा रेडिओ, सगळ्यांच्या पोटातले सेल रबर लावून एका डब्यात जात आणि डबा दिवाणाच्या पोटात.

"आणि तू रे?" आजी दुरुस्तीवाल्याकडे वळली. "एवढा शिकलेला तू. बोलायचं नाही तेव्हा?"

"बोललो होतो, आजी. तुम्ही म्हणालात, मला अक्कल शिकवू नकोस."

"मग आता शिकव."

त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "साधं लिहिणं-वाचणं असलं की चार्जर एकटा पुरतो. असला गेम लागला की ओढ वाढते. वळणावर तर एकदम वाढते. तेवढ्या क्षणापुरता चार्जर कमी पडतो, तिथं बॅटरी हळूच हात लावते. ती नसली की मशीन जपून चालतं. मध्येच बंद पडू नये म्हणून आपणहून पाय आखडतं."

"म्हणजे ती बसून नव्हती."

"दिसायची बसून."

आजी उठली. पदर खोचून आतल्या खोलीत गेली. मागोमाग नात उठली, तशी आजीनं तिला हातानंच थांबवलं. दिवाणाचं झाकण आजी एकटी उचलायची. सूनबाईला कंबर धरून बसावं लागलं होतं त्या झाकणापायी. या वयात मी एका दमात उचलते, असं आल्यागेल्याला सांगायचा तिला भारी सोस.

तिनं कडेखाली हात घातले आणि जोर लावला. झाकण वीतभर उठलं, अडलं, आणि मग नेहमीसारखं हलकं झालं.

आज तिनं बाजूला बघितलं. पलीकडच्या कोपऱ्याखाली आजोबांची बोटं होती. पेपर काखेत.

"तुम्ही कधी आलात?"

"नेहमीच्याच वेळी," आजोबा म्हणाले.

आजीनं फडक्यात गुंडाळलेली बॅटरी काढून घेतली. आजोबांनी झाकण खाली टेकवलं आणि परत खिडकीशी जाऊन बसले.

दुरुस्तीवाल्यानं बॅटरी जागेवर बसवली, स्क्रू आवळले. चारला दहा मिनिटं होती. नातीनं एक शर्यत चालवून बघितली. वळण आलं. दहा गाड्या एकमेकींना घासत वळल्या आणि तिचीही वळली, लोण्यातून सुरी जावी तशी. ती ओरडली नाही. नुसतं खुर्ची पुढं ओढून तिनं कानांवर हेडफोन चढवले.

"आता तासभर कुणी हाक मारू नका हं," ती म्हणाली.

"तुला कोण हाक मारतंय," आजी म्हणाली, पण हळू.

दुरुस्तीवाला पिशवी उचलून निघाला. आजी त्याच्यामागं दार लावून आली आणि खिडकीशी थांबली. आजोबांच्या शेजारी रेडिओ होता. त्यावर धूळ नव्हती. सेल नव्हते, तरी ते तो रोज पुसत असणार.

आजी आतल्या खोलीत गेली. सेलचा डबा काढायला तिनं दिवाणाच्या कडेखाली दोन्ही हात घातले. उचललं मात्र नाही.

"अहो," तिनं हाक मारली.

बाहेर पेपरची घडी होत असल्याचा आवाज आला. ती तशीच वाकून वाट बघत राहिली.