सहाव्या भागातली घंटा

घंटा वाजली आणि परीक्षकाच्या हातातला कंट्रोलर मांडीवर पडला.

दोन टोल, मग दम घ्यावा तशी उसंत, मग तिसरा. टीव्हीवरच्या जुन्या शहराच्या छपरांवरून कबुतरं उडाली.

ही घंटा वाजायलाच नको होती. 'निरोप्या' या व्हिडिओ गेमच्या मालिकेतल्या सहाव्या भागात घंटा वाजत नाही, हे त्यानेच अकरा वर्षांपूर्वी पेपरातल्या परीक्षणात लिहिलं होतं. 'घंटाघर एवढं थोरलं बांधलं, पण घंटा मुकी. आवाज घालायचा विसरले बहुतेक.' वाक्य भलतंच गाजलं. ज्यांनी तो गेम कधी हातात धरला नव्हता, तेसुद्धा मुकी घंटा म्हणून खिदळत होते. ते घंटाघर त्याच्या मेहुण्याने अडीच वर्षं खपून केलं होतं. नात्यागोत्याचं बघत नाही हे दाखवायला परीक्षकाने जरा जास्तच झोडपलं होतं. दोन-तीन वाचकांनी 'अहो, पुढे वाजते' असं कळवलं, तर ही मेहुण्याचीच माणसं असणार म्हणून त्याने ती पत्रं बाजूला सारली.

आता पुढच्या रविवारी त्याला नऊही भागांची क्रमवारी द्यायची होती. यादी तयारच होती. सगळ्यात वर चौथा. वाळवंटातली ती घोडदौड पुन्हा कुणाला जमली नाही. मग पहिला, छपरं थोडी, पण दर उडीला पोटात गोळा यायचा. तिसऱ्यात जहाजं झकास, माणसं लाकडाची. आठवा म्हणजे नुसता डोलारा, निरोप कुणाला द्यायचा हेच विसरायला होतं. आणि तळाला सहावा. तो पुन्हा खेळायची त्याला काही गरज वाटत नव्हती. पण संपादकबाईंना प्रत्येक भागाचा ताजा फोटो हवा होता, सहाव्याचा घंटाघराच्या टोकावरून. टोकावर जायचं तर आधी तळघरात कोंडलेल्या म्हाताऱ्या घंटावाल्याला सोडवावं लागतं, आणि ते येतं पाचव्या तासाला. अकरा वर्षांपूर्वी त्याने चौथ्या तासालाच कंट्रोलर ठेवून दिला होता. त्याच्या सदराच्या डोक्यावर मात्र दर रविवारी छापलेलं असायचं, 'शेवटपर्यंत खेळून लिहिलेलं'.

"पुन्हा वाजव," बायको म्हणाली. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसली होती. या खेळांत तिला काडीचा रस नव्हता. आता मात्र तिचे हात थांबले होते.

त्याने पुन्हा वाजवली. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने दोन टोल दिले, हातोडा डाव्या हातात घेतला आणि तिसरा दिला.

"अरे, हे तर बाबा!" तिचा आवाज चिरकला. "शाळेची घंटा आहे ही. उजवा खांदा दुखायचा ना त्यांचा, म्हणून तिसऱ्याला हात बदलायचे. दुसऱ्या कुठल्या शिपायाने वाजवली तर आम्हाला वर्गात बसून कळायचं."

परीक्षकाने कंट्रोलर बाजूला ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"बघतोस काय? फोन लाव त्याला."

त्याने फोन स्पीकरवर लावला. मेहुण्याने दुसऱ्या रिंगला उचलला. मुक्या घंटेवाला म्हणून जिथे तिथे चेष्टा झाल्यावर त्याने तो धंदाच सोडला होता. आता तो लिफ्टमधल्या पडद्यांवरचे आकडे आणि बाण काढायचा. बहिणीशी बोलायचा, पण या घराची पायरी पुन्हा चढला नव्हता.

"भावोजी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. अरे... घंटा वाजली."

"डिस्क हातात देताना म्हटलं होतं तुम्हाला, भावोजी, पूर्ण खेळा हं."

"चुकलं माझं. चौथ्या तासालाच सोडला होता मी तो. रविवारच्या क्रमवारीत मी सहावा सगळ्यात वर घेतो. आत्ताच्या आत्ता."

मेहुणा हसला. "काहीतरीच काय! चौथ्याच्या वर कुठे आमचा सहावा? पाचवा-सहावा नंबर फार तर. आणि तेव्हा नात्यापायी पाडलात, आता नात्यापायी चढवणार?"

"मग काय करू? तूच सांग."

"चार तासच खेळलो होतो, एवढं छापा."

परीक्षकाने टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"एवढं छापलं तर सदरच बंद करावं लागेल मला," तो म्हणाला.

बायकोने फोन हातात घेतला. "बाबांना ऐकवली होतीस का रे तू?"

"ऐकवणारच होतो, ताई. तेवढ्यात हे परीक्षण आलं. ते वाचून बाबांनीच विचारलं, वाजत नाही का रे तुझी घंटा? मला इतकं लागलं, की खेळायचं मशीनच उचलून देऊन टाकलं. म्हटलं, राग गेला की ऐकवू. राग जाईपर्यंत..."

पुढचं तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी बाबांचे दोन्ही कान गेले होते. तिने मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले.

"बाबांना अजून आठवत असेल का रे ते परीक्षण?" परीक्षकाने फोनकडे वाकून हळूच विचारलं.

"कात्रण आहे ना त्यांच्याकडे. जावयाने लिहिलेलं सगळं जपून ठेवतात ते. छापा, भावोजी. त्यांना ऐकू येत नाही, पण तुमचं सदर अजून दर रविवारी भिंग घेऊन वाचतात. शेवटच्या ओळीपर्यंत."