पहिला खांदा

ताबूत सजून उभा होता, ऊद घातला होता, ताशावाला काड्या हातात धरून ताटकळला होता, आणि हौशीराम काही उठेना. टाकव्यात ताबुताला पहिला खांदा हौशीरामाच्या घराचा. त्याच्या बापाने दिला, आज्याने दिला. तो लागल्याशिवाय ताबूत जागचा हलत नाही, आणि दिवस मावळायच्या आत तर तो डोहावर पोचायला हवा.

नूरमहंमद मुलाणी उंबऱ्याशी उभा राहून हौशीरामाची वाट बघत होता. वाट बघायची म्हणजे काय, माणूस समोरच बसलेला. दर मोहरमला हा बाबा सकाळीच अंगणात ठाण मांडायचा, कागद वाकडा चिकटवला म्हणून नूरमहंमदच्या भावाला, फकरुद्दीनला, यथेच्छ शिव्या घालायचा, आणि नूरमहंमदच्या बायकोकडे, मदिनाकडे, मलिदा मागून मागून खायचा. आज आला तो दुपार कलल्यावर. धुतलेला सदरा, डोक्याला पटका. घोंगडीच्या कडेला टेकला. मदिनाने मलिदा पुढे केला तर म्हणाला, कशाला तरास. चिमूटभर तोंडात टाकला आणि वाटी खाली ठेवली.

"आबा, उठा की," नूरमहंमद म्हणाला. "उशीर व्हतोय."

हौशीरामाने पटका सारखा केला. "नूरभाई, यंदा तुमचं तुमी उचला."

उभ्या जन्मात त्याने नूरमहंमदला 'नूऱ्या' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

अंगणात गावची माणसं होती. कोणी पुढे झालं नाही. हौशीराम बसला म्हणजे गाव बसलं, टाकव्यात हे असंच चालतं. तो खालच्या आवाजात पुढे म्हणाला, आपल्या मनात काही नाही, राग तर नाहीच नाही. पण सरकारनेच तुम्हाला वायलं काढलंय, मग आम्ही मधे हात घालायचा आणि उद्या कुणी काही म्हणायचं. त्यापेक्षा आधीच अंतर राखलेलं बरं.

आता हे वायलं काढणं, वेगळं करणं, म्हणजे काय, तर मागच्या महिन्यातलं मतदान. सदतीस सालचं. दोघांचा शेतसारा मताच्या अटीत बसत होता, म्हणून दोघांना पहिल्यांदाच मत मिळालं. त्याआधी कितीतरी दिवस दोघांनी खादीवाल्या उमेदवारासाठी घसा फोडला. उमेदवार गावात जेवला तेव्हा पंगतीत वाढायला नूरमहंमदच होता. मतदानाला हौशीरामाच्याच गाडीतून वडगावला गेले. तिथे कारकुनाने नाव वाचलं आणि नूरमहंमदला शेजारच्या खोलीत जायला सांगितलं. त्याला वाटलं, साहेबाची चूक होतेय. मी यांच्याबरोबर आलोय, असं त्याने नीट समजावून सांगितलं. कारकून भला माणूस होता, तोही नीटच बोलला. तुम्हा मुसलमानांची पेटी निराळी, उमेदवार निराळा. ज्याच्यासाठी एवढं ओरडलो त्याला आपलं मत चालत नाही, हे नूरमहंमदला तिथे कळलं. शेजारच्या खोलीत जाऊन कुणा पुण्याच्या माणसाला त्याने मत दिलं आणि बाहेर आला.

परत येताना हौशीरामाने बैलांकडे बघत विचारलं होतं, तुझा माणूस कोण? नूरमहंमदला ते नाव आठवेना. खोलीत ऐकलं तेवढंच, बाहेर येईतो विसरला होता. तो शरमेने गप्प बसला. हौशीरामाला वाटलं, सांगायचं नाही याला. तेव्हापासून त्याने काही विचारलं नाही, आणि हाक मारायचीही थांबवली.

हे नूरमहंमदच्या आत्ता, उंबऱ्यात उभ्या उभ्या ध्यानात आलं. तो खाली आला, हौशीरामापुढे उकिडवा बसला.

"आबा, त्या मानसाचं नाव मला आजबी ठावं न्हाई. अल्लाची आन."

हौशीरामाने त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली, परक्याचं ऐकून घेताना हलवतात तशी.

"आसंल," तो म्हणाला. "आसंना का."

नूरमहंमद उठला. आत कुठेतरी तुटायला हवं होतं, रडू यायला हवं होतं, निदान चिडायला तरी हवं होतं. काहीच झालं नाही. दाढ काढल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. दिवस खाली आला होता. त्याने फकरुद्दीनला मागचा दांडा धरायला लावला, पुतण्या युनूसला आणि कान्ह्याहून आलेल्या सासऱ्याला जोडीला घेतलं, आणि स्वतः पुढच्या दांड्याखाली शिरला. मुलाण्याने उदाची वाटी घेऊन पुढे चालायचं असतं. आज वाटी मदिनाने दाराशीच ठेवून दिली.

ताशा वाजला. ताबूत डगमगत उठला. सासऱ्याला खोकला सुटला, पण त्याने दांडा सोडला नाही. ओझ्याने मान वाकल्यामुळे नूरमहंमदला माणसं दिसत नव्हती, नुसते पाय दिसत होते. पाय सगळे ओळखीचे. गल्लीतल्या झुंबरबाईने रीतीप्रमाणे कळशी आणून खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी ओतलं आणि लुगडं सावरून ती मागे झाली. एरवी या गल्लीत ताबुताला हात लावायला झोंबाझोंबी व्हायची, ढकलाढकलीत कुणाचा तरी अंगठा चेचल्याशिवाय चावडी यायची नाही. आज कुणी धक्का मारला नाही. जो तो आदराने भिंतीला टेकून उभा होता. हौशीरामाने तर वहाणा काढून हातात घेतल्या होत्या.

इतकी ऐसपैस वाट नूरमहंमदला या गावाने कधीच दिली नव्हती.