फळ्यांखालची ओल

वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात टॅमी सॅलमँडर मोजायची. पालीसारखा दिसणारा हा जीव ओल्या मातीतच जगतो. म्हणून जंगलाच्या उतारावर लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. फळी उचलायची, खालचे जीव मोजायचे, ओल तपासायची. त्या वर्षी पाऊसच झाला नाही आणि एकेक फळी रिकामी पडत गेली. सॅलमँडर उरले ते फक्त तिच्या वडिलांच्या घरामागच्या फळ्यांखाली. तिथली माती कायम गार, ओली.

"इथे जमिनीखाली झरा असणार, डॅडी! हे जीव इथे सापडले नसते, तर ऑफिसातले वरचे लोक हे मोजायचं काम बंदच करणार होते."

तिचे वडील व्हर्जिल हसले आणि खोकत राहिले. कोळशाच्या खाणीने त्यांची छाती पार निकामी केली होती. "म्हणजे पुढच्या शनिवारी येशील ना? मक्याचा पाव करून ठेवतो."

थंडी पडायच्या आधीच ते गेले. दफन झाल्यावर टॅमी सवयीने घरामागे गेली. एकाही फळीखाली काही नव्हतं, नुसती धूळ.

"झरा आटला वाटतं," ती शेजारच्या लोवेडाबाईंना म्हणाली.

"कसला झरा, पोरी? तुझा बाप रोज सकाळी पाण्याची बादली घेऊन या फळ्यांपर्यंत चढायचा. जरा चालायचा, धापा टाकत बसायचा, परत उठायचा. मी ओरडले, तर मलाच म्हणतो कसा..."



"'गप बस, लोवेडा. ते जीव गेले, तर माझी पोर इकडे कशाला येईल?'"