खुर्चीवरची शाल

चित्रकलेच्या बाईंनी वर्गाच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. तिच्यावर टाकायला कापड हवं म्हणून नववीतल्या एका पोरीने वारलेल्या आईची शाल आणली होती. वर्षभर तिने ती कुणाला धुऊ दिली नव्हती.

तास संपल्यावर सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागली. पोरीने शाल टाकलेली रिकामी खुर्ची काढली होती. बाकी प्रत्येक चित्रात तीच शाल पांघरून आई बसली होती, हनुवटीवरच्या तिळासकट.

“अगं, माणूसच गाळलंस की!” बाई म्हणाल्या. “त्या बिचाऱ्या तासभर जागच्या हलल्या नाहीत.”

पोरीने वळून पाहिलं. खुर्चीवर नुसती शाल होती. तिने मैत्रिणीचा हात घट्ट धरला.

“आई अजून बसलीय का गं?”

“असं काय करतेस? मगापासून तुझ्याकडेच तर बघतायत.”