लाल ठोकळ्याची वाट

लाल ठोकळा पुन्हा कोपऱ्यात अडकला आणि धाकूआबांनी कपाळाला हात लावला. भाकरी थापता थापता हिराला हसू आलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांचा जीव कशात तरी रमला होता. तिला एवढंच हवं होतं.

डॉक्टरांनी आबांचा दर्या बंद केला होता. हिराचा नवरा हर्षद मुंबईला कामावर परतताना त्यांची होडी पार आतल्या कोपऱ्यात बांधून गेला. तिच्यापुढे शेजाऱ्यांच्या होड्या लावल्या.

"एकट्याला ती काढता यायची नाय," तो म्हणाला होता. "तरी लक्ष ठेव. वल्हं धरलंनी तर छाती दगा देईल."

सुरुवातीला आबा रोज मांडवीच्या बंदरावर जाऊन होड्यांकडे नुसते बघत बसायचे. मग एक दिवस त्यांनी नातीचे, सानवीचे, ठोकळे मागून घेतले आणि ओटीवर मांडी ठोकली.

ठोकळे सरकवून लाल बाहेर काढायचा, असं कोडं करणं सोपं नव्हतं. ठोकळे त्यांच्या उंचवट्यांच्या पाटीवर घट्ट रुतून बसत. आबांनी तळाला गुळगुळीत पट्ट्या लावल्या, त्यांवर मेणबत्ती घासली, भोवती कुंपण घातलं आणि एका बाजूला बाहेर पडायला फट ठेवली.

"आजोबा, सगळे सारखे करा ना," सानवी कुरकुरली. "हा निळा केवढुसा, हिरवा केवढा लांब."

"सारखे नसतात गो बाय."

"मग दोन एकदम ढकलू?"

"नाय. एका वेळी एकच."

हर्षदचा फोन आला की हिरा सांगायची, "होडीचं नावसुद्धा काढत नाहीत. पोरासारखे खेळत बसतात." दोघांचाही जीव भांड्यात पडायचा.

एका संध्याकाळी लाल ठोकळा फटीतून सुळकन बाहेर आला. सानवीने टाळ्या पिटल्या. आबा पोटभर जेवले आणि लवकर झोपले. हिराला इतकं हलकं वाटलं की कितीतरी दिवसांनी तीही निवांत झोपली, ती थेट उजाडल्यावरच उठली.

आबांचं अंथरूण रिकामं होतं. उशाशी सुटलेलं कोडं. ते हातात घेऊनच ती बंदराकडे धावली.

भरती नुकतीच ओसरू लागली होती. होड्या शांत डुलत होत्या, प्रत्येकीचा दोर पुन्हा नीट बांधलेला. आखूड निळी डावीकडे सरकलेली, तिच्यामागे लांब हिरवी, मग पिवळी. हिराने हातातल्या कोड्याकडे पाहिलं. तीच रांग, तेच रंग आणि आबांच्या लाल होडीचा कोपरा तसाच रिकामा.