बनूबाईचा अंगठा

"हा अंगठा तुमचाच?" अ‍ॅडव्होकेट उमाने विचारलं.

"माझाच," साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली बनूबाई म्हणाली.

"त्याआधी हा पंचनामा वाचलात?"

"न्हाई."

"कुणी वाचून दाखवला?"

"न्हाई दाखवला."

उमाने कागद न्यायाधीशांपुढे ठेवला. अंगठ्याच्या वरच टाइप केलेलं होतं, 'पंचांनी स्वतः वाचून, खरा असल्याची खात्री करून सही केली.' कोर्टात खसखस पिकली. सरकारी वकिलांनी मान खाली घातली.

त्र्याण्णव साली उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये हशमतच्या जीन्सच्या कारखान्यावर एक्साइजची धाड पडली होती. कपाटात निर्यातीचे बनावट शिक्के सापडले म्हणे. ते साहेबांच्याच बॅगेतून आले, असं हशमत मुलाबाळांची शपथ घेऊन सांगत होता. गुन्हा शाबीत झाला तर तो तुरुंगात आणि कारखान्याला टाळं.

"मॅडम, सेटिंग करून टाका ना," तो पहिल्याच दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाला होता.

"काही केलं नाहीस ना? मग पाय कशाला धरायचे? लढायचं!" उमाने ठणकावलं होतं. सरकारी चौकशीला भिडणारी वकीलबाई म्हणून तिचं नाव होत होतं, पण अजून मोठा खटला एकही जिंकलेला नव्हता.

बनूबाई एक्साइज ऑफिसच्या फाटकाशी शेंगदाणे विकायची. रद्दीचा पेपर मांडीवर पसरून सावकाश न्याहाळायची, मगच पुडीसाठी फाडायची. धाडीला निघालेले साहेब तिलाच पंच म्हणून जीपमध्ये घालत. नाही म्हटलं की फाटकाजवळची जागा गेलीच. ती पंच असलेले काही खटले टिकले होते, काही कोसळले होते.

'तुम्हाला लिहितावाचता येतं का?' हे उमाने विचारलंच नाही. अंगठा दिसत असताना आणखी काय विचारायचं?

हशमत सुटला. कोर्टाबाहेर त्याने पेढे वाटले. उमाला मात्र पेढा गोड लागेना. तिच्या आजीनेही जन्मभर अंगठाच उठवला होता, आणि आज आपण आजीच्याच वयाच्या बाईला भरकोर्टात अडाणी ठरवलं, याची तिला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती फाटकाशी गेली.

"मावशी, चुकलं माझं. चारचौघांत तुमचा अंगठा नाचवला."

बनूबाई हसली. शेंगदाण्यांची पुडी उमाच्या हातात ठेवत म्हणाली, "त्याच्यासाठीच उठवला होता, पोरी. खऱ्या कागदावर मी सहीच करते."