मॉड्यूलमधले किलोमीटर

"आधी जुन्या मॉड्यूलमधलं सगळं वाचून ठेव, मगच बॅटरीची वायर काढ." इंजिनाचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीचा छोटा कॉम्प्युटर, सुरक्षित कसं बदलायचं, हे मामानेच मला त्याच्या गॅरेजमध्ये शिकवलं होतं. आज मात्र फोनवर तो घाईने म्हणाला, "जुनं वाचत बसू नकोस गं. सरळ नवीन बसव."

गाडी माझीच, दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडून घेतलेली. सवयीने मी स्कॅनर जोडला. डॅशबोर्डवर एक्केचाळीस हजार किलोमीटर दिसत होते आणि मॉड्यूलमध्ये एक लाख एकतीस हजार. केबल बदलून पुन्हा वाचलं. आकडा तोच.

मामा आला तेव्हा स्क्रीन चालूच होती. ती पाहून तो फडक्याने हात पुसू लागला. हात स्वच्छच होते.

"मीटर मागे फिरवला होतास?"

"अगं, या धंद्यात सगळेच फिरवतात. गाडी चांगली दिली ना तुला?"

"टायमिंग बेल्ट नव्वद हजार किलोमीटरला बदलायचा असतो. तो तुटला तर गाडी चालता चालता बंद पडते, हेही तूच शिकवलंस. दर महिन्याला आईला मी याच गाडीतून आंबा घाट उतरवते, मामा."

त्याने फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "ताईला सांगू नकोस."

मी बॅटरीची वायर काढली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून उघड्या पत्र्याला हात लावला. नवीन मॉड्यूल बसवून त्यात खरा आकडा उतरवला. मग आईचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"तूच सांग."